उंच केनेल, वडोदरा: तळ कशाचा, ते ठरलं

केनेलचा, म्हणजे कुत्र्याच्या घराचा, सांगाडा वेल्ड झालाय, रेड ऑक्साइडचे (रंगाआधीच्या गंजरोधक अस्तराचे) दोन हात मारून झालेत. माप ४ × ४ फूट, एका मोठ्या लॅब्रॅडॉरसाठी. तळाची जमिनीपासून उंची दीड फूट, म्हणजे खालून खराटा आणि वायपर सहज फिरतो. पुढचे पाय २५ मिमी आखूड ठेवलेत, त्यामुळे पाणी पुढे उतरतं. (विश्वामित्री नदीला पूर आला तर या उंचीचा काही उपयोग नाही. तेव्हा कुत्रा घरात, वरच्या मजल्यावरच हवा.)

आता तळ. खाली आडवे पाइप जवळजवळ असले की वजन बहुतेक साहित्य पेलतं. निवड करायची ती पंजा आणि शू या दोन गोष्टी बघून.

शेळीपालनातली फटींची प्लास्टिक जाळी बरेच जण सुचवतात. शेळीच्या लेंड्या कोरड्या असतात, फटीतून गळून पडतात. कुत्र्याची शी पडत नाही. पायाखाली दाबली जाऊन फटीत थापली जाते. शिवाय पिल्लाचं बोट किंवा नख अडकतं. वेल्डमेश (वेल्ड केलेली तारेची जाळी) तर नकोच: बोटांच्या मधली कातडी सुजते आणि झिंक चढवलेली तार कुत्र्याने चघळली तर विषबाधा होऊ शकते. एफआरपी ग्रेटिंगला (फायबरच्या जाड जाळीला) गंज नाही, पण वरचा खरखरीत थर पंजाच्या गाद्या सोलतो.

१९ मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय कमी खर्चात चालेल, पण शू कडांतून आणि स्क्रूच्या भोकांतून आत शिरते आणि थर सुटू लागतात. आधी भोकं पाडा, मग कडा आणि भोकं दोन्ही इपॉक्सीने बंद करा. कोटा दगड उन्हाळ्यात गार राहतो, पण २५ मिमी जाडीचा एवढा तुकडा नव्वद किलोच्या वर जातो. तो जमिनीवरच्या केनेललाच शोभतो. रबर मॅट कुरतडून गिळली तर आतड्यात अडकते.

म्हणून १२ मिमीची काळी एचडीपीई (टणक प्लास्टिकची) शीट, वजन साधारण १६-१७ किलो. काळी अशासाठी, की उन्हात ती लवकर ठिसूळ होत नाही; मात्र तापते फार, तेव्हा वर छप्पर आणि सावली हवीच. रसायनांच्या टाक्या बनवणाऱ्यांकडे उरलेले तुकडे मिळू शकतात, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत चौकशी करा.

खरी मेख आहे ती प्रसरणाची. जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत सावलीतही तीसेक अंशांचा फरक पडतो. तेवढ्यात १२०० मिमी शीट पाच-सहा मिमी वाढते, लोखंड जेमतेम अर्धा मिमी. चारी बाजूंनी बोल्ट घट्ट आवळले की शीट मधे फुगते, खळगे पडतात आणि त्यांत शू साचते. म्हणून बोल्ट नाहीतच. ४० × ४० × ३ मिमी एल-अँगलच्या चौकटीत शीट नुसती बसवायची. थंडीत कापली तर रुंदीत एकूण ८ मिमी मोकळी, उन्हाळ्यात ३ मिमी पुरे. खाली दर ३०० मिमीवर २५ × २५ चा आडवा पाइप. पुढची सोडून शीटच्या कडा अँगलमागे झाकल्या जातात, दातांना सापडत नाहीत, आणि धुताना अख्खी शीट उचलता येते.

दोन गोष्टी फॅब्रिकेटरला रंगाआधीच सांगा. अँगलच्या आडव्या पट्टीत दर २०० मिमीला ८ मिमीचं भोक, नाहीतर कोपऱ्यात पाणी साचून तिथूनच गंज धरतो. आणि पुढच्या बाजूला उभी कड नको, पाणी अडतं. तिथे शीट अडवायला फक्त दोन छोटे ठोकळे.

ओल्या एचडीपीईवर पाय घसरतो. खडबडीत पृष्ठभागाची शीट मिळाली तर उत्तम, नाहीतर ४० नंबर पॉलिश पेपरने गोलगोल घासायची. खोल खाचा पाडू नका, त्यांत मळ बसतो. आणि तळ कठीणच असल्यामुळे कोपरांना घट्टे पडतात. अर्ध्या भागात नवारीची बुटकी खाट ठेवायची.

धुताना आधी शू साध्या पाण्याने पूर्ण काढा, मगच ब्लीच. शूवर थेट ब्लीच ओतलं तर घातक वायू सुटतो. फिनाइल टाळा.

राहिलं आहे ते उताराच्या फळीचं काम: साडेचार फूट लांब, दर २०० मिमीला २० मिमीची आडवी पट्टी.