विद्यापीठ गेटवरच्या गाण्याच्या पुस्तिका आणि पंकवाल्यांची झेरॉक्स मासिकं

माझ्यासोबत पंक, म्हणजे सत्तरच्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये उभं राहिलेलं रांगडं रॉक संगीत, ऐकणाऱ्यांत एक समज फार पक्का आहे, की पंक म्हणजे नुसता राडा, पुस्तकांशी त्याचा काय संबंध. मला हे अजिबात पटत नाही आणि हे ज्याला पटवायचंय त्याला मी न्यूयॉर्कच्या गोष्टी नंतर सांगतो, आधी म्हणतो 14 जानेवारीला संभाजीनगरला चल, विद्यापीठ गेटवर.

यंदा मी पुण्याहून रात्रीच्या एसटीने गेलो. पहाटे उतरलो तर थंडी कडक, पण रिक्षावाल्याला नुसतं "गेट" म्हटलं तरी पुरलं. नामविस्तार दिन. 1978 ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली, मग सोळा वर्षांनी, 1994 च्या 14 जानेवारीला, बाबासाहेबांचं नाव विद्यापीठाला लागलं. त्यामुळे गावोगावचे लोक येतात ते आधी गेटसमोर हात जोडतात आणि मग वळतात पुस्तकांच्या स्टॉलकडे. लहान लेकरं खांद्यावर घेऊन पुस्तकं चाळणारी माणसं, आणि चहूबाजूंनी स्पीकरवर भीमगीतं, एकातलं दुसऱ्यात मिसळलेलं.

एका कोपऱ्यात सतरंजीवर एक मामा गाण्याच्या पुस्तिका घेऊन बसले होते. पातळ कागद, दोन पिना, कव्हरवर निळ्या शाईतले बाबासाहेब, शाई जराशी रेषेबाहेर सरकलेली, मागच्या पानावर फोन नंबर.

"मामा, छापलं कुणी?"

"कोण छापणार? आपणच. दिवसा इकायचं, राती गायचं."

उघडून बघितलं तर प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'चाल' आणि पुढे एखाद्या जुन्या सिनेमातल्या गाण्याची ओळ. म्हणजे पुस्तिका घेऊन गेलेल्या माणसाला ना नोटेशन लागतं ना मास्तर, ती चाल त्याला आधीच पाठ आहे, घरी जाऊन तो लगेच गाऊ शकतो.

मला तिथल्या तिथे 'साइडबर्न्स' आठवलं. 1977 च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये निघालेलं हे पंकचं हौशी मासिक, त्यात गिटारवरच्या तीन कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या, हाताने काढलेल्या आकृत्या होत्या आणि खाली लिहिलं होतं की आता बँड काढा. त्याच्या आदल्या वर्षी लंडनमध्ये मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या कारकुनाने 'स्निफिन ग्लू' सुरू केलं होतं, टाइप करायचं, हाताने मथळे लिहायचे, झेरॉक्स काढायची. संगीतावर लिहिलेला कागद वाचणाऱ्यालाच गायला उठवतो, हे इथे सतरंजीवर होतं आणि तिथेही होतं.

आणि त्या पंकवाल्यांची सुरुवातही कवितेतूनच. पंक गायक रिचर्ड हेल न्यूयॉर्कला आला तो कवी व्हायला, बँडच्या आधी तो कवितांचं मासिक काढायचा. त्याच्या बँडमधल्या टॉम या मित्राने तर फ्रेंच कवीवरून आडनावच व्हर्लेन करून घेतलं. पुढे पंक गायिका झालेली पॅटी स्मिथ 10 फेब्रुवारी 1971 ला न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स चर्चमध्ये कविता वाचायला उभी राहिली तेव्हा बाजूला लेनी के इलेक्ट्रिक गिटार घेऊन होता, आणि एका कवितेच्या शेवटी त्याने गिटारवर गाडी आदळल्याचा आवाज काढला. कवितावाचनात! तिचा 'हॉर्सेस' हा अल्बम त्यानंतर चार वर्षांनी आला.

दुपारी गेटवरून नागसेनवनात गेलो. मिलिंद कॉलेजची दगडी इमारत, मोठी झाडं. गंगाधर पानतावणे सर इथे शिकवायचे, आणि 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक त्यांनी याच शहरातून चालवलं, गावाकडची किती पोरं पहिल्यांदा छापून आली ती त्यात. दलित साहित्याचं नाव काढलं की लोक मुंबई, दलित पँथर, नामदेव ढसाळांचा 1972 चा कवितासंग्रह 'गोलपिठा' इथपर्यंत जातात, मराठवाड्याचं नाव मागे राहतं, हे मला खटकतं.

रात्री तेच मामा स्टेजवर. ढोलकी, हार्मोनियम, कीबोर्ड, कोरसला दोन पोरी, त्यातली एक खणखणीत आवाजाची. शेवटच्या कडव्यात मामांनी स्वतःचं नाव गुंफलं, वामनदादा कर्डक गुंफायचे तसं, त्याआधी नाथ आणि तुकोबा करायचे तसं. समोरच्या बाया पुस्तिका मोबाईलच्या उजेडात धरून सोबत गात होत्या.

रिचर्ड हेलचे कागद, वह्या, पत्रं आज न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फेल्स लायब्ररीत जपून ठेवलेत, अभ्यासक तिथे जाऊन बघतात. आपल्या या पुस्तिकांनाही तारीख, गाव, कवीचं नाव असं नोंदवून कुठल्यातरी कपाटात हक्काची जागा मिळायला पाहिजे, साहित्य म्हणून, लोककलेच्या कोपऱ्यात ढकलून नव्हे. मी आणलेल्यांवर पेन्सिलने तारीख घातलीय. तुमच्या घरात आजोबांच्या ट्रंकेत अशा जुन्या पुस्तिका असतील तर प्लीज रद्दीत घालू नका, निदान सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा, कव्हरच्या मागच्या पानाचासुद्धा.