नवतप्यातले खून आणि प्रेमपत्रं

गठ्ठा २६ पुस्तकांचा. १७ रहस्यकथा, ९ प्रणयकादंबऱ्या, सगळी वाचनालयांनी बाद करून रद्दीत काढलेली. मृग लागायच्या आत १९ वाचून झाली (१२ खून, ७ प्रेमं) आणि त्यातली ११ दुरुस्त. आधी वाचायचं, मग चिकटवायचं, हा क्रम सोडू नये. पुस्तक कुठं आणि का मोडलंय ते वाचतानाच कळतं, आणि रहस्यकथा नि प्रेमकथा एका जागी मोडत नाहीत.

रहस्यकथेचं शेपूट जातं. ही बारकी पुस्तकं बाजूनं तार मारलेली. मलपृष्ठ निघालं की शेवटचं पानच मलपृष्ठ होतं, आणि खुनी नेमका तिथं असतो. किती गेलं ते मोजायला फर्म्याचा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या तावाचा, आकडा बघा. सोळा पृष्ठांच्या फर्म्याच्या पहिल्या पृष्ठावर, तळाशी, बारीक आकडा छापलेला असतो: पृष्ठ १, १७, ३३ असा. आठवा फर्मा ११३ला सुरू होतो आणि १२८ला संपायला हवा. पुस्तक १२२वर थांबत असेल तर तीन पानं, म्हणजे सहा पृष्ठं गेली. कधी त्या सहांत नुसत्या जाहिराती असतात. म्हणून हळहळण्याआधी १२२वं पृष्ठ नीट वाचा.

गेलेली पानं दुसऱ्या प्रतीवरून घ्यायची. पुस्तक भारतात विक्रीला नसेल तर ना-नफा सार्वजनिक वाचनालयाला स्वतःच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती करायची मुभा कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात आहे, तेव्हा हे काम वाचनालयातूनच करून घ्यावं. झेरॉक्सचा कागद जुन्या न्यूजप्रिंटपेक्षा ताठ. तो पुस्तकाच्या मापापेक्षा तिन्ही बाजूंनी १ मिलिमीटर कमी कापावा, नाहीतर बाहेर डोकावतो आणि आधी तोच दुमडतो.

गंजलेली तार पुढून उपसू नका. मागच्या बाजूनं तारेचे पाय बोथट सुरीनं सरळ करायचे, मग पुढून उचलायची. गंजाचा डाग राहू द्या. खरवडला की तिथं भोकच पडतं. त्याच भोकांतून मेण लावलेल्या सुती दोऱ्यानं तीन भोकांची शिलाई घालायची: मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत, पुन्हा मधल्यातून बाहेर, आणि लांब टाक्याच्या दोन्ही अंगांना दोऱ्याची टोकं घेऊन गाठ. नवी भोकं पाडावीच लागली तर कण्यापासून ४ ते ५ मिलिमीटरवर. त्याहून आत गेलात तर ओळीचं पहिलं अक्षर शिवणीत जातं.

फाटक्या पानांना खळच. वऱ्हाडात उन्हाळ्यात घरोघरी कुरडईचा चीक होतो, तोच वापरता येतो. मीठ-हिंग घालायच्या आधी वाटीभर मागून घ्या. तो थेट लावू नका. पाण्यात कालवून निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून द्यायचं, असं तीनदा. वर तरंगणारा पिवळट थर म्हणजे गव्हाचा चिकट भाग, तो राहिला की खळ तपकिरी पडते आणि किडीला आमंत्रण. तळाचं पांढरं सत्त्व वाळवून ठेवावं. २० ग्रॅम सत्त्व, १०० ते १२० मिली पाणी, अर्धा तास भिजवणं, मग मंद आचेवर १५–२० मिनिटं हलवत पारदर्शक होईपर्यंत. गार झाल्यावर मलमलीतून गाळा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, बाहेर ठेवलेली खळ एका दिवसात आंबते. बाइंडरची जुनी रीत म्हणजे खळीत मोरचूद. कीड लागत नाही हे खरं, पण ते विषारी आहे आणि तांबं कागदालाही खातं. नकोच.

पट्टीला पांढरा पतंगी कागद पुरतो. रंगीत अजिबात नको, ओला झाला की रंग सोडतो. ८ ते १० मिलिमीटरची पट्टी कापायची नाही, पाण्याची रेघ ओढून फाडायची. कडेला तंतू सुटले की जोड दिसत नाही आणि कडेवर पान पुन्हा तुटत नाही. खाली-वर बटर पेपर, त्यावर पाटा, सहा तास. सेलोटेप लावलेलं पान दिसलं तर कागद आड ठेवून कोमट इस्त्री फिरवा, टेप सुटते. चिकटा आणि पिवळा डाग मात्र मुक्कामाला असतात.

प्रेमकथेचं दुखणं वेगळं. कणा टेबलावर टेकवून पुस्तक सोडा, जिथं आपोआप उघडेल तिथं नायकानं हात धरलेला असतो. वाचणाऱ्यांनी तिथंच पालथं घालून ठेवल्यामुळं डिंकाचा कणा मधोमध चिरतो आणि पुढची दहाबारा पानं सुटी होतात. जुना डिंक खरवडून पानं दोन फळ्यांत आवळायची, कण्याची बाजू वर. पानं एका अंगाला १–२ मिलिमीटर वाकवून फेविकॉलचा पातळ हात, मग दुसऱ्या अंगाला वाकवून दुसरा, त्यावर मलमलीची पट्टी, बारा तास दाबून. जाड थर दिला की पुढच्या मे महिन्यात तडकतो. पाणी जास्त घातलं तर न्यूजप्रिंट लाटांसारखं फुगतं.

दोन प्रणयकादंबऱ्यांची पानं ब्लेडनं, सरळ रेघेत, कापलेली निघाली. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवलं. ब्लेडवाल्यापर्यंत निकाल पोचला नसावा.

उलट उपद्रव रहस्यकथांत: पृष्ठ ५वर पेन्सिलीनं ‘खुनी मेव्हणा हाय’. पेन्सिल असेल तर मऊ खोडरबर, एकाच दिशेनं. शाई असेल तर खोडू नका. नावावर कागदाचा तुकडा ठेवून फक्त वरच्या कडेला खळ लावा. ज्याला राहवत नाही तो उचलून बघेल.

वेळेचं बंधन पाळा. दुपारी ४५ अंशांत हवा इतकी कोरडी असते की दुमडलेला कोपरा उलगडताना बिस्किटासारखा तुटतो. उलगडणं पहाटे. कपाट कुलरच्या झोतासमोर नको. एकीकडून ओल, दुसरीकडून ऊन, आणि मुखपृष्ठ वळतं. कवेलूच्या घरात कपाट भिंतीपासून चार बोटं लांब आणि विटांवर, वाळवी जमिनीतून आणि भिंतीतून येते. कडूनिंबाचा पाला कडक वाळलेला असेल तरच. ओलसर पाल्यानं बुरशी धरते. कसर दिसली तर पुस्तक प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरात दोन आठवडे, बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही. मध्ये लाइन जाऊन बर्फ वितळला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आता वाचलेल्यांचा निकाल. खुनांसाठी फूटपट्टी इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सची, १९२९ची: गुन्हेगार सुरुवातीलाच भेटला पाहिजे, चोरवाट एकापेक्षा जास्त नको, आणि आधी सूचना दिल्याशिवाय जुळा भाऊ आणायचा नाही. शेवट शाबूत असलेल्या नऊंपैकी पाच पास. दोघांनी जुळा भाऊ शेवटच्या वीस पृष्ठांत काढला, एकात तीन भुयारं, एकातला खुनी शेवटच्या फर्म्यात प्रथमच गावात उतरतो.

प्रेमांची कसोटी सोपी: नायक-नायिका दहा मिनिटं ओट्यावर बसून नीट बोलले तर कादंबरी संपते का? सातांपैकी चारांत संपते. उरलेल्या तिघांत अडचण खरी आहे, शेती, कर्ज किंवा आधीचं लग्न. म्हणून दुरुस्तीला आधी त्याच घेतल्या.

तीन खून अधांतरी आहेत, शेवटचा फर्माच नाही. त्यातल्या एकात संशय मुनीमजीवर आहे, पण पृष्ठ ४१वर डॉक्टर डाव्या हातानं कुलूप उघडतो आणि ९६वर वार डावखुऱ्याचा असल्याचं कळतं. ११२ पृष्ठांनंतरचा भाग कुणाकडे असेल तर आधी नाव सांगू नका, पानंच द्या.