आमची वाटचाल: सर्टिफिकेट गेलं ते परत आणलं

तीन माणसांची फर्म आहे आमची, ऑफिसांची नेटवर्क उभी करायची आणि नंतर सांभाळायची. २०१६ मधे सुरू केली आणि त्याच वर्षी मी सिस्को या नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीचं सीसीएनए, म्हणजे नेटवर्क इंजिनियरचं सर्टिफिकेट, पास झालेलो, त्यामुळे पहिल्या कोटेशनपासून ते ठळक अक्षरात. मुदत तीन वर्षं. माहीत नव्हतं असं अजिबात नाही, पण २०१९ ला हातात इतकी कामं होती की अभ्यासाला बसायचं म्हटलं तर हसू यायचं. तेव्हा या लेव्हलला रिन्यू करायचं तर परीक्षाच द्यावी लागायची, क्रेडिट्सची, म्हणजे कोर्स वगैरे करून गुण जमवायची, सोय २०२० मधे आली. आणि डोक्यात हवा की रोज स्विच (ऑफिसातली मशीन एकमेकांना जोडणारा डबा) कॉन्फिगर करतोय, मला कागद कशाला. गेलं.

दोन-अडीच वर्षं कोणी विचारलं पण नाही. लेटरहेडवर मात्र ते तसंच छापलेलं राहिलं, याची लाज आजही वाटते. मग एका मोठ्या कामाच्या अटींमधे 'सर्टिफाइड इंजिनियर, मुदत चालू हवी' असं आलं, त्यांनी ऑनलाइन तपासलं आणि फोनवर शांतपणे म्हणाले, "अहो, हे तर एक्सपायर झालंय." शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२०२२ मधे परत पुस्तकं उघडली. फ्रेम रिले, ईआयजीआरपी, जे घोकून पास झालो होतो ते सिलॅबसमधून गायब, त्याजागी वायरलेस कंट्रोलर, आणि नेटवर्क प्रोग्रॅमने चालवायसाठी जेसन, रेस्ट एपीआय, ॲन्सिबल. पण ते नवीन होतं म्हणून शिकलो, खरा मार बसला जुन्यातच. सबनेटिंग, म्हणजे मोठ्या नेटवर्कचे हिशोबाने छोटे तुकडे पाडणं! इतकी वर्षं कॅल्क्युलेटर वापरून /२६ आकाराच्या तुकड्यात ६२ होस्ट, म्हणजे ६२ मशीन बसतात, हेसुद्धा पटकन तोंडात येईना. पहिल्या वेळी नापास. १२० मिनिटं असतात आणि मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, मी सुरुवातीच्याच दोन प्रश्नांना चिकटून बसलो. पाच दिवसांनी परत देता येते, मी दोन महिने घेतले, रोज रात्री पॅकेट ट्रेसर या नेटवर्कच्या सिम्युलेटरवर लॅब.

त्याच दिवसांत एका क्लायंटकडे निम्म्या मशीनचं इंटरनेट अचानक बंद. कोणीतरी घरचा राउटर आणून भिंतीतल्या पोर्टला लावला होता आणि तोच सगळ्यांना चुकीचे आयपी (मशीनचे नेटवर्कवरचे पत्ते) वाटत होता. आधी अशा वेळी आम्ही मजल्यामजल्यावर टेबलांखाली वाकून राउटर शोधायचो, एकदा अख्खा दिवस गेला होता. यावेळी आदल्याच आठवड्यात वाचलेलं डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे आयपी कोण वाटतंय यावर स्विचची नजर, चालू केलं, खऱ्या सर्व्हरकडे जाणारा पोर्ट तेवढा ट्रस्टेड ठेवला, बाकी पोर्टवरून कोणी आयपी वाटायला लागला तर स्विचच ते टाकून देतो. हे फीचर आम्हीच बसवलेल्या त्या स्विचमधे पहिल्यापासून होतं. आमचा ज्युनियर म्हणाला, "सर, मग आपण इतकी वर्षं टेबलाखाली काय करत होतो?"

दुसऱ्या वेळी पास झालो. ते मोठं काम काही परत आलं नाही, दुसऱ्या कोणाला गेलं होतं. २०२५ ची मुदत ३० क्रेडिट्स जमवून वेळेत केली, आणि लेटरहेडवर आता सर्टिफिकेटसमोर मुदतीची तारीख पण छापतो. ज्युनियरची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, सबनेटिंग त्याला कागदावरच करायला लावलंय.