तीन लिटरचं इंजिन आणि खंबाटकीचा चढ: टोइंग गाडीची ताकद वाढवली तेव्हा

सातारा-पुणे पट्ट्यात माझी टोइंगची गाडी चालते. 3 लिटर डिझेल, बीएस-4, कॉमन रेल, 100 एचपी, 300 न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर). मागचा बेड धरून गाडी रिकामीच साडेतीन टनाच्या आसपास भरते. सपाटीला तक्रार नव्हती. पण शिरवळकडून साताऱ्याला येताना खंबाटकी घाट चढावा लागायचा (बोगदा तेव्हा पुण्याकडे जाणाऱ्यांसाठी होता), आणि वर एखादी जड एसयूव्ही असली की दुसऱ्या गिअरात रडत रडत जायचं. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून आईबापाचा उद्धार करणार.

2022 मध्ये रीमॅप करून घेतलं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदलून ताकद वाढवली. पूर्वी मायकोचा डिझेल पंप 'वाढवून' घ्यायचे, आता लॅपटॉप लावतात, एवढाच फरक. पाऊण तासात काम झालं. 130 एचपी आणि 390 न्यूटन मीटर मिळतील असं सांगितलं. खरंच मिळाले असावेत, कारण पहिले आठ दिवस मी हवेत होतो. तिसऱ्या गिअरात घाट चढलो. दोन फेऱ्या तर उगाचच मारल्या.

नवव्या दिवशी शिरवळजवळ पुढून ठोकलेली एक फॉर्च्युनर उचलली. मालक स्थानिक पुढारी, त्यामुळे घाई. निम्म्या घाटात तिसऱ्यात पाय दाबला आणि आरपीएमचा काटा सरसर वर गेला. वेग मात्र तिथेच, पंचवीसवर. मग तो वास आला. जळक्या क्लचचा वास एकदा नाकात बसला की महिनाभर निघत नाही.

गिअरबॉक्स उतरवल्यावर मामांनी (आमचे मिस्त्री) क्लचची प्लेट हातात दिली. लायनर (प्लेटवरचं पकडीचं अस्तर) रिव्हेटपर्यंत गेलेले, फ्लायव्हीलवर (इंजिनाचं ज्या चाकाला प्लेट चिकटते त्यावर) निळे डाग. म्हणाले, "मालक, मशीन वढतंय की. पन धरनार कोन?"

माझं गणित इथंच चुकलं होतं. इंजिन किती देऊ शकतं हे मी विचारलं, इंजिनामागचं सामान, म्हणजे क्लच आणि गिअरबॉक्स, किती घेऊ शकतं हे विचारलंच नाही. क्लचची पकड ठरते प्रेशर प्लेटचा दाब आणि प्लेटचा आकार यांवर. कंपनी त्यात थोडी शिल्लक ठेवते, पण ती झिजेसाठी आणि उष्णतेसाठी, आपल्या हौसेसाठी नव्हे. माझी प्लेट 90 हजार किलोमीटर चाललेली, म्हणजे शिल्लक आधीच खाल्लेली. त्यात एकदा घसरली की तापते आणि तापली की आणखी घसरते.

मी म्हटलं, मग जास्त दाबाचा क्लच टाकू. मामा हसले. क्लच घसरतोय म्हणून पुढचं वाचतंय, म्हणाले. त्यांनी खडूने फरशीवर मांडून दाखवलं: पहिला गिअर साधारण पाचपट धरला, तर 300 चे 1500 होऊन प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) येतात, 390 चे 1950. क्लच पक्का केला की हा झटका क्रॉसवर (त्या शाफ्टचा सांधा), मग टेल पिनियनवर (मागच्या अ‍ॅक्सलमधला छोटा गिअर, तो मोठ्या क्राऊनला फिरवतो), मग अ‍ॅक्सलवर. क्लच बदलणं परवडतं, क्राऊन-पिनियन नाही.

घरी येऊन जरा वाचलं, तर ज्या गाडीने माझी प्लेट जाळली तिच्यातच उदाहरण सापडलं. फॉर्च्युनरचं 2.8 लिटर इंजिन 2021 पासून 204 पीएस (जवळपास तेवढेच एचपी) देतं, पण मॅन्युअलला टॉर्क 420 आणि ऑटोमॅटिकला 500. इंजिन तेच! स्कॉर्पिओचंही तसंच. 2017 मध्ये 2.2 लिटरचा टॉर्क 280 वरून 320 केला तेव्हा सोबत सहा गिअरचा नवा बॉक्स आला. कंपनी 40 वाढवताना गिअरबॉक्स बदलते आणि मी 90 वाढवून जुन्या प्लेटवर घाट चढत होतो.

परत रीमॅपवाल्याकडे गेलो. त्याला एचपीच्या आकड्यात रस, मला नव्हता. टॉर्क 340 च्या वर नको आणि 1600 आरपीएमच्या खाली काहीच वाढवू नको, असं सांगितलं. कमी आरपीएमला पाय दाबून गाडी ओढायला लावली की क्लचवर जास्त ताण येतो. मूळ मापाचीच नवी प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग टाकलं, फ्लायव्हील घासून घेतलं.

(कंपनीच्या नोंदीबाहेर गाडीत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि अपघात झाला तर विमावाले पहिलं तेच बघतात. मी हे आधी वाचलं नव्हतं.)

आता भरल्या गाडीने घाट पूर्वीपेक्षा बरा चढतो, पण तिसऱ्या गिअरची हौस गेली. क्रॉस एकदा बदलला. महिन्यातून एकदा चौथ्या गिअरात पाय दाबून बघतो, काटा वेग सोडून पळतो का.

परवा त्याच पुढाऱ्याचा ड्रायव्हर पंपावर भेटला. "दादा, आमच्या गाडीची पण वाढवून मिळंल का हो?" मी त्याला मामांचा नंबर दिला.