मिरची बदलली त्या शनिवारी

शनिवारी संध्याकाळी आठच्या सुमाराला चार नंबर टेबलवरून शिराझ या रेड वाईनचे दोन ग्लास परत आले. वेटर पोरगा ट्रे धरून उभा. "मॅडम, ते म्हणतायत वाईन खराब झालीय. कडू लागतेय."

मी ग्लास नाकाला लावला, घोट घेतला. वाईन ठणठणीत होती. दुपारीच उघडलेली बाटली, जांभळाचा वास, शेवटी जिभेवर जराशी मिरी. टेबलवर गेले तर चौघेही डोळे पुसत होते. मधोमध आमचा ठेचा-चीज टोस्ट, अर्धा खाल्लेला, आणि पाण्याचा जग रिकामा.

आमचं रेस्टॉरंट बालेवाडीत, हाय स्ट्रीटपासून चालत जाण्याच्या अंतरावर. गिऱ्हाईक बहुतेक हिंजवडीच्या कंपन्यांमधलं; शनिवार-रविवारी तेच लोक आई-वडलांना घेऊन येतात. खाणं सध्या सगळीकडे चालतं तसलं: खिमा स्लायडर, बोंबील टाको, मिसळ-हमस, थालीपिठावर बुराटा चीज. (या शेवटच्या प्रकाराबद्दल माझं मत शेफला माहीत आहे, इथे लिहीत नाही.) बार आणि वाईन माझ्याकडे. मालकांनी ठरवलं की कॉकटेल सगळेच विकतात, आपण वाईन विकू. ग्लास चारशेच्या आत, आणि मेन्यूत प्रत्येक प्लेटसमोर एक वाईन छापायची. त्याची सुरुवात त्या शनिवारी होती.

कल्पना मला आवडली होती. २०२२ च्या जानेवारीत राज्य सरकारने सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि तेव्हापासून पुण्यात वाईनबद्दल मत प्रत्येकाकडे आहे. चव घेतलेले मात्र त्या मानाने कमी. न घेतलेल्यांना दोन-अडीच हजारांची बाटली उघडायला लावण्यापेक्षा एक ग्लास स्वस्तात द्यावा, हे बरोबरच.

आता ग्लासावर वाईन विकायची म्हणजे गणित आलं. ७५० मिलीची बाटली, १५० मिलीचा ग्लास, म्हणजे पाच ग्लास. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस धड राहते, पुढे तिचा जीव जातो. त्यामुळे यादी लांबवण्यात अर्थ नव्हता. चारच ठेवल्या: नाशिकची पांढरी शेनिन ब्लां, एक गुलाबी रोझे, आणि दोन रेड, शिराझ आणि अकलूजची सांजोवेझे. मालकांना पाचवी हवी होती, लाकडी पिंपात मुरवलेली एक महागडी रिझर्व्ह रेड. "रेड म्हणजे खरी वाईन, पांढरी काय, सरबत," असं त्यांचं म्हणणं. तिच्या दोन पेट्या त्यांनी मला न विचारता आणून ठेवल्या होत्या. ग्लासाच्या यादीत नाही, निदान बाटलीने विकू, यावर आम्ही तह केला.

आठवडाभर दुपारी शेफबरोबर बसून सगळं चाखून झालं होतं. ठेचा टोस्टबरोबर शिराझ छान बसली होती. चीजचा तुपकटपणा, भाजलेल्या मिरचीचा धुरकट वास आणि शिराझमधली मिरी, तिन्ही एकमेकांना धरून होते. म्हणून तर छापलं. आणि आता चार नंबरवर तीच शिराझ कडूजहर.

किचनमध्ये गेले. "ठेचा बदललात?"

"तोच आहे," शेफ म्हणाले. तवा, मिरच्या, लसूण, जाडं मीठ, मग खलबत्ता. त्यांच्या हातात काही फरक पडत नाही हे मलाही माहीत होतं. मी बोटाच्या टोकाला लावून चाखला. दोन सेकंद काही नाही, मग जिभेच्या कडा पेटल्या, मग कान. मिरच्यांची टोपली ओढून पाहिली. आठवडाभर आम्ही वापरली ती पोपटी, लांबट, जाड सालीची मिरची. टोपलीत होती आखूड, बारीक, गडद हिरवी लवंगी. खरेदीच्या पोराला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "मार्केट यार्डात पोपटी महाग होती मॅडम. ही निम्म्यात मिळाली."

शेफ मूळचे कोल्हापूरचे. त्यांनीही बोटभर चाखला आणि म्हणाले, "काय झालं त्यात? आमच्याकडे एवढं पोरं खातात."

कोल्हापूरची पोरं त्याबरोबर शिराझ पीत नाहीत, हा मुद्दा होता. रेड वाईन सालीसकट आंबवतात, त्यामुळे साल आणि बियांमधला तुरटपणा, ज्याला आम्ही टॅनिन म्हणतो, तिच्यात उतरतो. फार वेळ उकळलेला चहा जीभ धरतो, तसं ते काम. तूप, चीज, मटण असलं काही सोबत असेल तर हा तुरटपणा मऊ पडतो. पण मिरचीने जीभ आधीच सोलवटलेली असेल तर तो खरखरीत आणि कडू लागतो, फळाची चव गायब होते. वर अल्कोहोल. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवतं, त्यांनाच अल्कोहोल जास्त हळवं करतं. मग तोंडातल्या साध्या उबेनेही भाजल्यासारखं वाटतं. म्हणजे आग विझवायला माणूस घोट घेतो आणि आग वाढते. पाणी पिऊन उपयोग नाही, कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. दुपारच्या पोपटी मिरचीला हे सगळं चालून गेलं होतं. लवंगीने हिशेब उलटा केला.

जेवणाबरोबरची वाईन निवडताना लोक मांस की मासे, एवढंच विचारतात. पुण्यातल्या या नव्या खाण्याला ते पुरत नाही. खिमा असो, बोंबील असो की पनीर, आधी मिरची कुठली आणि किती, ते विचारायचं. मटण दुसऱ्या नंबरला.

ठेचा तीन पदार्थांत होता आणि बाहेर सगळी टेबलं भरत आली होती. पोपटी मिरची शनिवारी रात्री साडेआठला आणायची कुठून? मालक धावत आले: "स्पार्कलिंग देऊ या का? थंड असते." थंड असते खरी, पण पेटलेल्या जिभेवर बुडबुडे टोचतात. नको म्हटलं.

शेनिन बाहेर काढली. कार्डवरची सगळ्यांत स्वस्त वाईन. नाशिकला हे द्राक्ष नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुला या वाईन कंपनीने लावलं, तेव्हापासून ते तिथे रुळलंय. पावसाळा संपल्यावर छाटणी, जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी. आमच्याकडची शेनिन किंचित गोडसर, आंबटपणा चांगला, टॅनिन जवळजवळ नाहीच. गोडाने तिखट दबतं, आंबटाने चीज कापलं जातं. फक्त ती गार हवी, आणि एवढ्या बाटल्या फ्रिजमध्ये नव्हत्या. मोठ्या पातेल्यात बर्फ, त्यात पाणी आणि मूठ-दोन मुठी मीठ टाकून बाटल्या मानेपर्यंत बुडवल्या. नुसत्या बर्फात बाटलीला हवाच लागते. पाण्याने गारवा सगळीकडून भिडतो आणि मिठाने ते पाणी शून्याच्याही खाली जातं. पंधरा-वीस मिनिटांत काम झालं. तोवर शेफनी ठेच्यात भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट आणि लोणी घातलं आणि बाजूला दह्याची वाटी ठेवायला सुरुवात केली. तोंडाने पुटपुटत, पण केलं.

चार नंबरला मी स्वतः गेले. शेनिनचे चार छोटे घोट ओतले, म्हटलं याचे पैसे नाहीत, टोस्टचा एक घास घ्या आणि मग प्या. चष्मेवाल्या गृहस्थांनी घास खाल्ला, प्यायले, थांबले, पुन्हा प्यायले. "ही महागातली का?"

"नाही, कार्डवरची सगळ्यांत स्वस्त."

त्यांचा चेहरा जरा पडला. बायकोने मात्र लगेच पूर्ण ग्लास मागवला.

सात नंबरवर आजी, मुलगा, सून आणि कॉलेजातली नात. आजींनी मला बोलावलं. "अगं, हे आपलं द्राक्षासवच ना? आम्हाला वैद्यबुवा द्यायचे."

"त्यापेक्षा बरं लागतं, आजी."

मुलगा म्हणाला, हे सगळं परदेशी फॅड. मी म्हटलं, काका, आपल्याच जिल्ह्यात नारायणगावला ऐंशीच्या दशकात फेसाळती वाईन बनायला लागली होती. ते ऐकून त्यांनी ग्लास उचलला नाही, पण आजींना अडवणंही सोडलं. आजींनी साबुदाणा वड्याबरोबर दोन घोट घेतले. "आंबट-गोड आहे. वाईट नाही. पण ग्लास केवढा आणि ओतलंय केवढंसं!"

हे वाक्य त्या रात्री मी बऱ्याच टेबलांवर ऐकलं. वाईनचा ग्लास तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरतात, वर वासाला जागा लागते, हे सांगून पुणेकराचं समाधान होत नाही. अकरा नंबरच्या एका काकांनी तर "दीडशे मिली म्हणजे किती ते दाखवा" असं स्पष्ट सांगितलं. बारमधून पेगमेजर आणलं. साठ, साठ आणि तीस, त्यांच्यासमोर ओतून दाखवलं. काकांनी मान डोलावली आणि आणखी एक मागवला. मोजून दिलं की पुण्यात धंदा होतो.

रेड पूर्ण बंद केली नाही. खिमा स्लायडरमध्ये ठेचा नव्हता, टोमॅटो होता, गरम मसाला होता, आणि पावाला लोणी. तिथे सांजोवेझेचा आंबटपणा टोमॅटोला चांगला मिळतो. फक्त तीही वीस मिनिटं फ्रिजमध्ये घालून काढली. रेड वाईन 'रूम टेंपरेचरला' प्यावी हे ज्या घरांवरून ठरलं त्या युरोपातल्या जुन्या खोल्या होत्या, सोळा-अठरा अंशांच्या. आमच्या बारच्या फळीवर एप्रिलमध्ये तीस अंश असतात. त्या तापमानाला चांगली रेडही नुसती स्पिरिटसारखी नाकात जाते. एका जोडप्याने "रेड गार का?" म्हणून विचारलं, मी म्हटलं आधी प्या, नको वाटली तर पाच मिनिटं हातात धरा. त्यांनी धरली नाही.

रात्री साडेबाराला हिशेब झाला. शेनिन संपली होती, अगदी शेवटच्या बाटलीपर्यंत. रोझे बोंबील टाकोवर बऱ्यापैकी गेली. शिराझ तशीच, आणि रिझर्व्हची एकही बाटली उघडली नव्हती.

सोमवारी मेन्यू पुन्हा छापायला दिला. आता पदार्थासमोर दोन वाईन आहेत, एक साध्या तिखटाला, एक जास्त तिखटाला, आणि रोज चार वाजता ठेचा चाखून कुठली सुचवायची ते वेटरना सांगते. खरेदीच्या पोराला एक काम वाढलंय: मिरची आणली की आधी अर्धी त्याने कच्ची चावायची. त्याचा चेहरा बघून मला बरंच कळतं. मालक मात्र रोज विचारतात की रिझर्व्हचं काय करायचं. मी शेफना सुचवलंय की कमी मिरचीचं, नुसतं मिरी आणि खोबऱ्यातलं मटण सुकं ठेवा, त्याच्याबरोबर ती जाईल. शेफनी अजून होकार दिलेला नाही.