दार लावलं आणि ती बाहेर आली

मानखुर्दच्या एका बालवाडीत आम्ही मुलांचा संयम मोजत होतो. तिसऱ्या दिवशी पिंकीची पाळी आली (नाव बदललंय) आणि तोवरची सगळी मोजणी मला पुन्हा करावी लागली.

प्रयोग बऱ्याच जणांना ऐकून माहीत असेल. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी तो १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग नर्सरी स्कूलमध्ये सुरू केला. मुलापुढे खाऊ ठेवायचा आणि त्याला खोलीत एकटं सोडताना सांगायचं: मी येईपर्यंत थांबलास तर दुप्पट मिळेल. नाहीच धीर निघाला तर घंटी वाजव, मी लगेच येईन, पण मग एवढाच. मूळ प्रयोगातल्या मार्शमेलो या मऊ, गोड खाऊऐवजी आम्ही क्रीमची बिस्किटं घेतली होती. सूचना मराठीत बसवल्या होत्या, त्या पोरांना कळतात की नाही तेही आधी तपासलं होतं. खाऊ बदलला, भाषा बदलली, म्हणजे प्रयोग इथला झाला, असं मी मनापासून धरून चालले होते.

खोली म्हणजे चटया आणि खिचडीची पातेली ठेवायची जागा. पत्र्याचं दार. पिंकी साडेचार वर्षांची, लाल रिबिनी बांधलेली. सूचना तिनं मला जशाच्या तशा म्हणून दाखवल्या. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

दोन मिनिटंही झाली नसतील, दार करकरलं. पिंकी उंबऱ्यात उभी. दोन्ही हातांनी ताटली धरलेली, बिस्किट जागच्या जागी.

"मी इथं बसू?"

मी काही बोलायच्या आत ती उंबऱ्यावर मांडी घालून बसलीही. समोर गल्लीत एक आजी लसूण सोलत होत्या, त्यांच्याकडे बघत राहिली. एकदा बिस्किटाच्या कडेला आलेलं क्रीम तिनं बोटानं टिपलं, बोट तोंडापर्यंत नेलं आणि फ्रॉकला पुसून टाकलं. पंधरा मिनिटं झाली. बिस्किट तसंच होतं.

आमच्या तक्त्यात याला जागाच नव्हती. खोली सोडली की 'थांबलं नाही', एवढंच लिहायचं.

बालवाडीच्या बाईंना मी विचारलं तेव्हा त्यांनाच माझं नवल वाटलं. "अहो मॅडम, आमच्या गल्लीत दिवसाढवळ्या दार लावतं कोण? लागलं तर समजायचं आत भांडण आहे, नाहीतर कुणी आजारी आहे. आणि दहा बाय दहाच्या घरात सहा माणसं. ही पोर एकटी कधी बसलीय?"

महिन्यापूर्वी पार्ल्याच्या एका शाळेत हेच केलं होतं. तिथल्या मुलांनी दार लागताना मानसुद्धा वर केली नव्हती.

रात्री घरी बसून पहिल्या दोन दिवसांचं चित्रण पाहिलं. 'न थांबलेल्या' पाच मुलांपैकी तिघांनी बिस्किटाला हातच लावला नव्हता. एक मुलगा तर घंटी वाजवत सुटला होता, आणि मी आत गेल्यावर त्यानं माझी ओढणी घट्ट धरली. त्याच्या हातावर मी एक बिस्किट ठेवलं आणि 'संयम कमी' अशी नोंद केली. ते मला फार लागलं.

ही चूक माझ्या एकटीची असती तर लिहिलंही नसतं. मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००८ साली हिशेब मांडला होता: अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या सहा नियतकालिकांत पाच वर्षांत आलेल्या अभ्यासांतले ६८ टक्के नमुने, म्हणजे तपासलेले लोकांचे गट, एकट्या अमेरिकेतले. आणि त्यांतून 'माणूस' असा वागतो म्हणून सांगितलं जातं. खुद्द या प्रयोगाचंच बघा. बिंगमध्ये बहुतेक मुलं विद्यापीठाशी संबंधित घरांतली. २०१८ साली ९००हून अधिक, वेगवेगळ्या थरांतल्या अमेरिकन मुलांच्या माहितीवर तो पुन्हा तपासला, तर लहानपणीचा संयम आणि पुढचं शिक्षण यांचा बिंगच्या मुलांत दिसलेला संबंध निम्म्यावर आला; घरची परिस्थिती धरल्यावर आणखी घटला. अमेरिकेतल्या अमेरिकेत ही गत!

आमच्या अहवालाच्या मसुद्यात 'मुंबईच्या वस्त्यांमधील मुलांमध्ये संयम कमी' असं वाक्य होतं. ते काढावं म्हणून मी प्रकल्पप्रमुखांशी तासभर भांडले. असं वाक्य एकदा छापलं गेलं की कुणीतरी याच पोरांसाठी संयमाचं शिबिर काढणार. त्यांचं म्हणणं, पद्धत मधेच बदलली तर तुलनाच उरत नाही. हे खरं आहे. उघड्या दाराचे आकडे मी बंद दाराच्या आकड्यांशेजारी मांडू शकत नाही. पण बंद दार मानखुर्दला वेगळं आणि पार्ल्याला वेगळं असेल, तर तुलना आधी तरी कुठे होती? शेवटी वाक्य निघालं. 'या एका बालवाडीतील २६ मुले' एवढंच राहिलं, आणि दाराची गोष्ट पहिल्याच पानावर आली.

चौथ्या दिवशी दार उघडं ठेवलं आणि आजींच्या शेजारी, मुलांना दिसेन अशी बसले. घंटी एकदाच वाजली.

आता पार्ल्याच्या मुलांनाही दार उघडं ठेवून बसवायचं आहे. शाळेनं जुलैतल्या तारखा दिल्यात.