एमआरआय नॉर्मल आलाय, मग फॉलोअप कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पुण्यात कमी दिवसांच्या बाळांच्या ओपीडीत मी थेरपिस्ट आहे, आणि एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) घरी गेलेल्या बाळाची आई नाहीतर आजी फाइल पुढे करून हमखास विचारते, मॅडम, मेंदूचा एमआरआय नॉर्मल आलाय, आता काळजी नाही ना?

हालचालींपुरतं विचाराल तर काळजी बऱ्यापैकी कमी. ड्यू डेटच्या सुमाराला बाळाला पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, कान झाकून झोपेतच एमआरआय करतात, बऱ्याचदा भूलही लागत नाही. बघायचं असतं मुख्यतः व्हाइट मॅटर, म्हणजे मेंदूत निरोप इकडून तिकडे नेणाऱ्या तंतूंचा भाग, कारण 32 आठवड्यांआधी झालेल्या बाळांच्या मेंदूत इजा जास्त करून तिथेच होते. टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत मोठा रक्तस्राव कळतो पण बारीक, पसरलेली इजा सुटू शकते. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या 167 बाळांचा 2006 सालचा अभ्यास आहे, एमआरआय जितका खराब तितका दोन वर्षांचं होईपर्यंत सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर होणाऱ्या कायमच्या परिणामाचा) आणि विकासात मागे पडण्याचा धोका जास्त, हे त्यात दिसलं, पण नॉर्मल एमआरआय असून मागे पडलेली बाळंही होतीच.

आणि बोलणं, लक्ष लागणं, शाळा हे तर स्कॅनवरून फारच कमी कळतं. आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये 1987 ते 89 दरम्यान एनआयसीयूतून घरी गेलेल्या, दोन किलोच्या आतल्या बाळांना डॉक्टरांनी पार अठराव्या वर्षापर्यंत तपासलं (मला याचं फार अप्रूप वाटतं, इतकी वर्षं पत्ते शोधत राहायचं म्हणजे!). बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यांक नॉर्मलमध्येच होता पण पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा कमी, आणि गणित बऱ्याच जणांना जड जात होतं. हे पाळण्यातल्या बाळाच्या फिल्मवर कुठे दिसणार?

म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी फॉलोअपच्या तारखा चुकवू नका हो, आणि खराब आला तर खचून घरी बसू नका, थेरपी लगेच सुरू करा, त्या वयात मेंदू भराभर घडत असतो.

फॉलोअपला आम्ही हालचालीही बघतो: जन्मतारखेपासून नाही, ड्यू डेटपासून तीन महिने झाले की मान, मनगटं, घोटे यांची सगळ्या दिशांनी बारीक बारीक वळवळ सतत चालू दिसायला हवी, ती बघून आम्हाला खूप कळतं. यायला जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून व्हिडिओ पाठवा, बाळ उताणं, जागं, खुशीत, हातपाय उघडे, हातात खुळखुळा नको आणि तुम्ही त्याच्याशी बोलूही नका, नाहीतर ते तुमच्याकडेच बघत बसतं.